तू भिजवलेला जोडा

वेणू,

तुझ्या शोकसभेत बोलायला मी नकार दिला. प्राचार्यांना वाटलं, मला रडू आवरणार नाही म्हणून. "समजू शकतो, नलिनीताई, इतक्या वर्षांची मैत्री," असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी चहा घेतला आणि त्यांचा गैरसमज तसाच राहू दिला. बोलले असते तर खरं बोलले असते, आणि तुझ्या फोटोला हार घातलेला असताना ते बरं दिसलं नसतं. मग इतर बोलले. तू मोठी संशोधक होतीस, निर्भीड होतीस, विद्यार्थिनींची आई होतीस. हे शेवटचं ऐकून मला हसू आलं. ज्या पोरींना तू वर्गात उभं करून रडवलं होतंस, त्यांतल्या दोघी पुढच्या रांगेत बसून डोळे पुसत होत्या. निर्भीड मात्र होतीस. माझी तक्रार त्याबद्दलच आहे.

आपण दोघी एकाच वर्षी इतिहासात एम.ए. झालो. नोकरी मला वर्षभर आधी लागली, तुला त्याच कॉलेजात माझ्यानंतर लागली. तेवढं एक वर्षही तुला खुपायचं. स्टाफरूममध्ये पहिल्या दिवशी तू माझ्यासमोरची खुर्ची ओढलीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "नलू, मले इथं मॅडम म्हणशीन तर मी ओ देणार नाही. मीबी तुले म्हणणार नाही." वर्गात तुझी मराठी छापील पुस्तकासारखी असायची. भांडताना आणि खूश असताना इंदोऱ्याची, नागपुरातल्या तुझ्या वस्तीची बोली यायची. भांडायचीस जास्त.

आपल्या विभागामागची ती अंधारी खोली. कॉलेजचं संग्रहालय म्हणायचे तिला. पेंढा भरलेले पक्षी, भोसल्यांच्या काळातली नाणी, एक तोड्याची बंदूक, आणि काचेच्या कपाटात खालच्या फळीवर कापसात ठेवलेला एक बायकी जोडा. पूर्वी इथं शिकवून गेलेल्या एका विलायती बाईनं तो दिला होता. नागपूरला यायच्या आधी ती इजिप्तमध्ये होती. चिठ्ठीवर 'जुने जोडे, इजिप्त' एवढंच लिहिलेलं. कपाट माझ्याकडे होतं. महिन्यातून एकदा मी ते जोडे बाहेर काढायची, मऊ ब्रशनं धूळ झटकायची, नव्या कापसात ठेवायची.

तू आलीस, वाकून काचेला नाक लावलंस आणि बराच वेळ तशीच राहिलीस. मग म्हणालीस, "हे ममीवाल्यायचं नाही वं. हे पाह्य. क्रूस हाय."

कातडं गडद लाल, काही ठिकाणी जांभळं पडलेलं. त्यावर सोन्याच्या वर्खाची वेलबुट्टी. आणि पंजावर जो एक गोल होता, त्यात नखाएवढा क्रूस. मी तो किती वेळा पाहिला होता. मी त्याला फूल समजत होते.

तिथून सुरू झालं. ग्रंथालयात नव्हती ती पुस्तकं तू मुंबईहून, दिल्लीहून मागवून घ्यायला लावलीस. आपण आळीपाळीनं वाचायचो आणि डबा खाताना एकमेकींना सांगायचो. तो जोडा कॉप्ट लोकांचा होता, म्हणजे इजिप्तच्या जुन्या ख्रिस्ती लोकांचा. ते मेलेल्या माणसाला अंगावरच्या कपड्यांनिशी, पायातल्या जोड्यांनिशी पुरायचे. तिथली वाळू इतकी कोरडी की हजार-बाराशे वर्षांनी उकरलं तरी जोडा पायात घालावासा वाटेल असा निघायचा. गरिबांचे जोडे ताडाच्या पानांचे, विणलेले. ज्यांना परवडायचं त्यांचे शेळीच्या कातड्याचे. ते कातडं बाभळीच्या शेंगांनी कमवायचे, हे वाचलं त्या दिवशी तू टेबलावर थाप मारलीस. "म्हणजे आपलीच बाभूळ. नाईलच्या काठी काय अन् कन्हानच्या काठी काय." लाल रंग मंजिष्ठेचा. तीही आपल्या ओळखीची, माझी आई लेपासाठी उगाळायची. मला आठवतं, त्या दिवसांत मी कॉलेजला लवकर जायची. रविवार नकोसा वाटायचा.

हे मी तुझ्या नावावर जमा करते. तू नसतीस तर मी जन्मभर त्या क्रुसाला फूल म्हणत राहिले असते.

तुझ्या बाबांना मात्र हे आवडलं नव्हतं. एकदा मी तुझ्या घरी आले होते. गिरणीतून निवृत्त झालेले तुझे बाबा खाटेवर बसून ऐकत होते आणि तू त्यांना पुस्तकातली चित्रं दाखवत होतीस. सोनेरी जोड्याचं चित्र त्यांनी हातात घेतलं, परत दिलं. "आमच्या बापानं ढोरं ओढली," ते म्हणाले. "दीक्षा घेतली तवा आमी कातड्याचं नाव घरातून काढलं. आमी जे सोडलं तेच तू पुस्तकात घेऊन बसली काय वं?"

तू म्हणालीस, "तुमच्यावर बळजबरी होती, बाबा. मी मर्जीनं करून राहिली."

 ते उठून बाहेर गेले आणि आपण निघेपर्यंत आत आले नाहीत. मग तू मला रिक्षानं सोडायला आलीस. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले तर म्हणालीस, "तुले नाही समजणार."  माझ्या आईनं तर संग्रहालयात कसले जोडे आहेत ते कळल्यापासून मला आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ देणं बंद केलं होतं. तुझ्या घरी कातडं चालत नव्हतं आणि माझ्या घरीही चालत नव्हतं. कारणं वेगळी होती, आणि त्या वेगळेपणाबद्दल आपण सोळा-सतरा वर्षांत एकदाही सरळ बोललो नाही. टोमण्यांत बोललो.

म्हणून त्या जोड्यासारखा एक नमुना स्वतः शिवून पाहायचं ठरलं तेव्हा जागा राहिली ती संग्रहालयाचीच. शिपाई गणपत रविवारी खोली उघडून द्यायचा आणि आपण पक्ष्यांच्या मधे सतरंजी टाकून बसायचो. बाजारातून शेळीचं कमावलेलं कातडं तूच आणलंस. पुस्तकातल्या आकृतीवरून तुझं मत झालं होतं की हा जोडा उलटा शिवलेला असणार. कातड्याची बाहेरची बाजू आत, आतली बाहेर अशी ठेवून वरचा भाग तळव्याला शिवायचा. दोन्हींच्या मधे एक चिंचोळी पट्टी घालायची, म्हणजे टाका झिजत नाही. सगळा शिवून झाला की पाण्यात भिजवायचा आणि उशीचा अभ्रा उलटतो तसा उलटून घ्यायचा. टाके आत जातात आणि जोडा जणू शिवलेलाच नाही असा दिसतो.

आरीनं भोकं पाडताना माझ्या बोटातून रक्त आलं. जवसाच्या दोऱ्याला मेण लावून लावून तुझे हात चिकट झाले. जोडा भिजवला, टाचेकडून उलटायला घेतला, पण टोक काही केल्या बाहेर येईना. शेवटी तू फळ्यावर दाखवायच्या छडीची मूठ आत घालून जोर लावलास आणि ते टोक असं अचानक बाहेर आलं की छडी सुटून बगळ्याच्या मानेवर बसली. आपण दोघी हसत सतरंजीवर आडव्या झालो. गणपत दारातून डोकावून परत गेला. जोडा वाकडा झाला होता. तू तो एका पायात घातलास आणि व्हरांड्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलीस. एक पाय अनवाणी, एका पायात ओला लाल जोडा. नागपूरच्या उन्हात फरशीवर तुझ्या एकाच पायाचे ओले ठसे उमटले आणि लगेच वाळले. वेणू, मी तुझ्यावर इतकी चिडलेली असूनही हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी प्रयत्न केला आहे.

परत आलीस आणि म्हणालीस, "झालं सिद्ध."

मी म्हटलं, "आपण असा बनवू शकतो एवढं सिद्ध झालं. त्यांनी असाच बनवला होता, हे नाही झालं."

तू नंतर वर्षानुवर्षं म्हणत आलीस की पुढचं सगळं माझ्या त्या वाक्यानं झालं. नाही झालं. मी इतिहासाची प्राध्यापिका होते आणि ते वाक्य बरोबर होतं. आजही बरोबर आहे.

"मग उघडून पाहू," तू म्हणालीस. "डाव्याचे टाचेजवळचे चार टाके."

"नाही."

"उजवा राहतेच ना."

"वेणू, तो जोडा आहे. एक राहिला म्हणजे जोडा राहत नाही."

तू कपाटाकडे बोट केलंस. "ज्यानं हे शिवलं त्याचं नाव नाही कुठं, गाव नाही. ज्या बाईनं घातलं तिचं हाडबी त्या उकरणाऱ्यायनं कुठं फेकलं कोण जाणे. तुले जोडा सांभाळायचा हाय. मले त्याचा हात पाह्यचा हाय."

"आत्ता उघडलास तर तुला कळेल ते एकदाच कळेल. आणखी पन्नास वर्षांनी न उघडता आतलं पाहायची काही सोय निघाली तर?"

"पन्नास वर्षं कोणाजवळ हाय?"

हा वाद दोन वर्षं चालला. डबा खाताना, पेपर तपासताना, सीताबर्डीत साड्या घेताना. मी तुला कपाट उघडून द्यायची, जोडा हातात द्यायची, भिंगातून पाहू द्यायची. टाके मात्र आत होते आणि आतच राहिले होते. मला वाटायचं, हा वाद आपल्याला म्हातारपणापर्यंत पुरेल. मला त्याची मजा वाटायची. तुला वाटत नव्हती, हे मला उशिरा कळलं.

मे महिन्यात मी मावसबहिणीच्या लग्नाला रामटेकला गेले. कॉलेजला सुट्टी होती. तू गणपतकडून खोली उघडून घेतलीस. कपाटाची दुसरी किल्ली ऑफिसात असायची, ती माझ्या नावानं मागितलीस. लग्न आटोपून मी परत आले तेव्हा निरोप आला की वेणूमॅडम संग्रहालयात आहेत, या म्हणतात.

कूलर लावलेला होता आणि खोलीत वाळ्याचा वास होता. त्याच्या खाली दुसरा एक वास होता, सुताराच्या सरसासारखा. टेबलावर एनॅमलच्या ताटलीत जे होतं ते मी आधी ओळखलंच नाही. भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं काळं, आक्रसलेलं, एका बाजूनं चिरलेलं. मग मला त्यावर सोन्याचा एक ठिपका दिसला.

नवं कातडं पाणी पितं आणि मऊ होतं. हजार वर्षांचं कातडं पाण्यानं आतून विरघळतं आणि वाळताना कोळशासारखं होतं. हे आपण नंतर वाचलं. तू नमुन्यासारखाच तोही आधी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होतास, म्हणजे टाके उसवताना चिरणार नाही. काळजीनंच केलं होतंस. तेच मला जास्त लागलं.

तू रडत नव्हतीस. तुझे डोळे चमकत होते. "नलू, उलटाच शिवला होता," तू म्हणालीस. "पट्टी होती मधात. अन् ऐक, तळव्यात दोन थर होते. आतला थर नव्या कातड्याचा नव्हता. कोण्या जुन्या, झिजलेल्या जोड्याचा तळवा कापून घातला होता. त्याच्यावर बोटायचे खड्डे होते, पाची बोटायचे. मोठा पाय होता, पसरट. या बाईचा नव्हता. काळं पडायच्या आधी मी पाह्यलं. मी एकटीनं पाह्यलं."

मी तुला खोलीबाहेर जायला सांगितलं. तू गेली नाहीस. मग मीच गेले आणि व्हरांड्यात उभी राहिले.

आता जे मी केलं त्याबद्दल सांगते, कारण त्याचा अर्थ तू आयुष्यभर वाकडा लावलास. तुझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. स्टाफरूममधले दोघंतिघं तुझी एखादी चूक सापडते का हे पाहत बसलेले असायचे. चूक सापडल्यावर ते काय म्हणतील तेही मला माहीत होतं. कुठून आली, कुणाची आहे, हिच्या हाती अशा वस्तू द्याव्यात कशाला. तुझ्या मागं ते मी ऐकलेलं होतं, तुला कधी सांगितलं नव्हतं. म्हणून कॉलेज उघडल्यावर मी प्राचार्यांना सांगितलं की कूलरचं पाणी कपाटात झिरपलं आणि माझं लक्ष नव्हतं. त्या वेळचे प्राचार्य मोठ्यानं ओरडणारे नव्हते. त्यांनी हात पुढे केला, मी किल्ली दिली. संग्रहालय माझ्याकडून गेलं. खोलीला कुलूप लागलं आणि माझ्याबद्दल सगळ्यांचं मत ठरून गेलं की नलिनीबाई चांगल्या, पण निष्काळजी.

संध्याकाळी तू माझ्या घरी आलीस. मला वाटलं, काहीतरी बोलशील. तू अंगणातच उभी राहिलीस. "तुले कोणी सांगितलं होतं खोटं बोलायले?"

"तुझी नोकरी गेली असती."

"गेली असती तर माझी गेली असती. तुमच्या लोकायले उपकार करायची सवयच हाय. समोरच्यानं मागितले का नाही, ते पाहतच नाही." मग तुझा आवाज खाली आला. "अन् तुले त्या जोड्याचं दुःख नाही, नलू. तू कपाट बंद केलं की साबणानं हात धुतेस. दर वेळी. मी पाह्यत आली."

मी म्हटलं, त्या पक्ष्यांमध्ये सोमल भरलेला असतो. जुने पक्षी किडू नयेत म्हणून भरतात. विष असतं ते. त्याच खोलीत काम केल्यावर हात धुवावेच लागतात. तू हसलीस. ते हसू मी विसरलेले नाही. आता तू उत्तर देऊ शकत नाहीस म्हणून पुन्हा सांगते: सोमल होता, वेणू. माझी आई काय करत होती ते मला माहीत आहे. मी माझ्या आईचं सांगत नाही, माझं सांगते आहे.

वर्षभरानं तुझा लेख छापून आला. डावा जोडा आधीच खराब अवस्थेत मिळाला, असं त्यात होतं. माझ्याच थापेवर तू तुझं घर बांधलंस. उपकार नको होते, पण त्यांचा उपयोग करायला तुझी हरकत नव्हती. लेख मात्र चांगला होता. सोनं वर लावणाऱ्या त्या कारागिरानं कुणाच्या तरी झिजलेल्या तळव्याचा तुकडा आत दडवला, आणि एक श्रीमंत बाई दुसऱ्याच कुणाच्या पावलांवर पाय ठेवून चालत राहिली, मेल्यावरही. एवढ्या साध्या शब्दांत तू ते लिहिलं होतंस की मी दोनदा वाचलं. मग मासिक बंद करून दुसऱ्याच्या टेबलावर ठेवून आले.

तुला दिल्लीला बोलावलं, पुण्याला बोलावलं. आणीबाणी आली आणि गेली, मुली साड्यांतून पंजाबी ड्रेसमध्ये आल्या, आणि तू विभागप्रमुख झालीस. मी तुझ्या हाताखाली आले. तुझं टाइमटेबल मी पाळलं, तू सुट्टी नाकारलीस तेव्हा मी तासाला उभी राहिले. एवढं सगळं असून डबा आपण एकत्र खायचो. तुला माझी अंबाडीची भाजी लागायची आणि मला तुझ्या भाकरीची सवय झाली होती. लोकांना वाटायचं, काय ही मैत्री. मलाही कधीकधी वाटायचं.

मग त्या तपासनीस बाई आल्या. जुन्या वस्तू कुठं कुठं आहेत ते पाहत त्या कॉलेजांतून फिरत होत्या. नव्या प्राचार्यांनी कुलूप काढायला लावलं, खोली झाडून घेतली, आणि आपल्या दोघींना बोलावलं. बाईंनी उजवा जोडा हातमोजे घालून उचलला आणि त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी ताटलीतला काळा गोळा पाहिला. "हा पाण्यानं गेलाय. कसा काय?"

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कूलर गळत होता म्हणे. नलिनीताईंकडे होतं तेव्हा." मी मान हलवली. एवढ्या वर्षांत ती थाप सवयीची झाली होती.

तू म्हणालीस, "कूलर नव्हता. मी भिजवला. शिवण पाहायला म्हणून मी भिजवला."

 मला काय वाटलं सांगू? मला हलकं वाटलं. मी तुझ्याकडे पाहिलं आणि क्षणभर सगळं माफ करायच्या बेतात होते. तेवढ्यात तू पुढं म्हणालीस, "आणि या मॅडमना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी कॉलेजला खोटं सांगितलं."

मॅडम म्हणालीस मला. पहिल्यांदा.

तपासनीस बाई तुझ्या प्रांजळपणानं भारावून गेल्या. चूक कबूल करायला केवढं मोठं मन लागतं, असं त्या प्राचार्यांना म्हणाल्या. प्राचार्यांनी मला दुसऱ्या दिवशी एकटीला बोलावलं. निष्काळजीपणा समजू शकतो, ते म्हणाले, पण संस्थेची दिशाभूल करणं हे निराळं. त्या वर्षी उपप्राचार्यपदासाठी माझं नाव गेलं होतं. ते मागं घेतलं गेलं. तू आणखी मोठी झालीस आणि मी निष्काळजी होते ती आता खोटारडीही झाले.

व्हरांड्यात मी तुला अडवलं. "का केलंस हे?"

"खरं सांगितलं."

"तुझं खरं सांगायचं होतंस. माझं कशाला?"

तू माझ्याकडे सरळ पाहिलंस. "काहून? ते खरं नव्हतं काय? चौदा वर्षं मी तुझ्या उपकाराखाली बसून राहिली, नलू. भाकर गिळताना आठवायचा. तू एकदाबी बोलून दाखवलं नाही, ते त्याच्याहून वाईट. आज उतरला. आता तुले माझा राग करायचा तर उघड कर."

मी उघड केला. दोन वर्षं मी तुझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलले नाही. डबा मी ग्रंथालयात खायला लागले. तू तुझा कुठं खायचीस ते मी कधी पाहिलं नाही. ज्या वादासाठी एके काळी मी कॉलेजला लवकर जायची तो वाद राहिला, आणि भांडायला समोरचं माणूस असून नव्हतं.

मागच्या महिन्यात तुझा नवरा मनोहर घरी आला. दारातच म्हणाला, "तिनं बोलावलं नाही, ताई. मीच आलो. डॉक्टर म्हणाले, आता फार नाही." मी साडी बदलली आणि त्याच्या स्कूटरवर मागं बसले.

तू इतकी लहान झाली होतीस की मी दुसऱ्या खाटेकडे वळले होते. "आली काय," तू म्हणालीस. "बस. संत्री हाय, खा. मले कोणी खाऊ देत नाही." मी सोलून एक फोड खाल्ली. कॉलेजचं बोललो. नवी मुलगी शिकवते कशी ते तू विचारलंस, मी बरी शिकवते म्हटलं, तू म्हणालीस, बरी म्हणजे वाईट.

थोड्या वेळानं तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोप लागली. "नलू," तू म्हणालीस, "तू असतीस तर कधीच नसता उघडला."

"नाही."

"पन्नास वर्षं थांबली असती."

"थांबले असते."

"तो पाय आतच राहिला असता. कोणालेच कळला नसता."

"राहिला असता. आणि जोडा राहिला असता."

"मी पुन्हा केलं असतं." डोळे मिटलेलेच. "दोन्ही. भिजवलंबी असतं अन् सांगितलंबी असतं."

"माहीत आहे मला."

"तुले राग येऊन राहिला."

"हो."

"येऊ दे," तू म्हणालीस. मग पाय गार पडले म्हणालीस. मी घोंगडीचा काठ ओढून तुझ्या पायांखाली खोचला. मनोहर औषध घेऊन आला तशी मी उठले. दारापर्यंत जाऊन मी मागं वळून पाहिलं. तू माझ्याकडेच पाहत होतीस, आणि काही बोलणार असल्यासारखी वाटत होतीस. बोलली नाहीस. मी पण थांबले नाही.

लोक मला विचारतात, शेवटी काय बोलणं झालं. त्यांना ऐकायचं असतं की तू माफी मागितलीस आणि मी तुझा हात हातात घेतला. तू मागितली नाहीस. मागितली असतीस तर मला द्यावी लागली असती. मरणाऱ्या माणसाला नाही म्हणायचं बळ माझ्यात नाही, वळणही तसं नाही. मी 'जाऊ दे, वेणू, झालं ते झालं' असं काहीतरी म्हटलं असतं, आणि ते धडधडीत खोटं ठरलं असतं, कारण ते माझ्या मनातून गेलेलं नाही आणि तुझ्या मागंही जाईल असं वाटत नाही. तुझ्यासाठी मी आयुष्यात एकदा खोटं बोलले. दुसऱ्यांदा बोलायची वेळ तू माझ्यावर आणली नाहीस. तेवढ्यासाठी मी तुझी ऋणी आहे.